वीतभर चूक

आमच्या गोझो बेटावर पुरुषमाणूस निवृत्त झाला की त्याच्यापुढे दोनच वाटा असतात. एक तर होडी घ्यायची, नाहीतर देखावा मंडळात जायचं. मला होडी लागते, बसलो की उलट्या होतात. शिवाय पस्तीस वर्षं पाणीखात्यात घरोघरचे मीटर वाचल्यावर पाण्याशी माझं काही देणंघेणं उरलं नव्हतं. म्हणून मी मंडळात गेलो. दर नाताळात ख्रिस्तजन्माचे देखावे मांडणं, त्यांतली वीतभर उंचीची मातीची माणसं घडवणं, आणि वर्षभर एकमेकांच्या माणसांना नावं ठेवणं, हे मंडळाचं काम. तिसऱ्या कामात मी महिन्याभरात तरबेज झालो. दुसऱ्याला हात घातला तो दुमिंका मावशीमुळे.

मावशी सिस्टर बेन्यामीनांच्या वृद्धाश्रमात असते. वय एक्क्याण्णव. मी तीन वर्षांचा असताना आई गेली, वडील ऑस्ट्रेलियाला गेले ते तिकडचेच झाले, आणि मावशीनं मला वाढवलं. तिनं लग्न केलं नाही, जन्मभर मागावर बसून घोंगड्या विणल्या. आता डोळे गेलेत, आणि माणसंही डोक्यातून गेलीत. राहिलीत ती बोटं. जे हाताला लागेल ते ती चिमटीत धरते, चोळते आणि निकाल देते. पडदा? गिरणीचा. चादर? गिरणीची, आणि तीही पातळ. एकदा खुद्द बिशप आशीर्वाद द्यायला आले, तर त्यांच्या अंगरख्याचं टोक चोळून तिनं तोच निकाल दिला. बिशप हसले, सिस्टर बेन्यामीना मात्र आठवडाभर हसल्या नाहीत.

मला ती ओळखत नाही. नाही म्हणायला एक ओळख आहे. दर गुरुवारी मी जातो, म्हणतो, "मावशी, मी ज्वाकिन." ती मान वळवते आणि म्हणते, "मीटर आत आहे, न्हाणीघरात. आणि गळती नाही ना कुठे, तेही बघा." ज्या नोकरीला मी पस्तीस वर्षं नावं ठेवली, तीच तेवढी तिच्या लक्षात राहिली होती. पहिल्या गुरुवारी मी हसलो. नंतरच्या गुरुवारी परत येताना गाडी रस्त्याकडेला लावून रडलो, आणि बायकोला सांगितलं की वाऱ्यानं डोळे चुरचुरतायत. बायको रोझारिया म्हणाली, काचा वर करून गाडी चालवत जा. तिच्याजवळ प्रत्येक दुःखावर काही ना काही व्यवहारी उपाय असतो.

तर एका गुरुवारी माझ्या डोक्यात आलं की मावशीला ओळख पटायची तर ती बोटांतूनच पटेल. मावशीनं विणलेली एक घोंगडी आमच्याकडे उरली होती, तपकिरी आणि पांढरी, नागमोडी विणीची. ती सरळ नेऊन हातात दिली असती तर पुढचं रामायण घडलं नसतं. पण आश्रमाचा नियम असा की बाहेरची लोकर आत नाही. न्यायचीच तर आधी त्यांच्या धुलाईत उकळून, आणि तिथे गेलेली वस्तू परत मिळेल याचा भरवसा नाही. बारीकसारीक सुटी वस्तूही खोलीत नाही, कारण आदल्या वर्षी एका आजोबांनी देखाव्यातलं मेंढरू गिळलं होतं. चालतात त्या फक्त दिवाणखान्यातल्या देखाव्यात घट्ट चिकटवलेल्या मूर्ती, आणि तो देखावा मांडतं आमचं मंडळ. नाताळाच्या आठवड्यात सगळ्या म्हाताऱ्यांना हात धरून तिथे नेतात. मावशी एकेका मूर्तीवरून बोटं फिरवते. म्हणून मी ठरवलं, मागावर बसलेली बाई करायची आणि तिच्या मागावर हीच घोंगडी. मावशीचं बोट लागलं की ती आपलं काम ओळखेल. आणि काम ओळखलं की मी शेजारी उभा असेनच.

बाई करणं सोपं गेलं. नाक जरा मोठं झालं, पण आमच्या घराण्यात ते खपून जातं. अडलं ते कापडावर. मातीची पातळ चकती लाटायची आणि तिच्यावर विणलेल्या कापडाचा भास आणायचा, एवढंच ऐकायला वाटतं. मी औषधाच्या दुकानातून जखमेची जाळीदार पट्टी आणली आणि मातीवर दाबली. ठसा झकास उमटला. रोझारियानं पाहिलं आणि विचारलं, बाईला अपघात कुठे झाला? मग मी चहाची गाळणी दाबली. ती बाई मासळीचं जाळं विकायला बसल्यासारखी दिसायला लागली.

शेजारची चेत्तीना रोज दारातून डोकावायची. ती म्हणाली, अरे, शेवयांसारखे मातीचे धागे वळ आणि खरंच वीण. मी वळले. वीस धागे वळले तोवर पहिले पंधरा वाळून तुटले. चेत्तीना म्हणाली, शेवया अशा तुटत नाहीत, तुझ्या मातीत अंडं घाल. एवढी अनुभवी बाई सांगतेय म्हणून मी अंडं घातलं. दोन दिवसांनी मूर्तीला असा वास सुटला की रोझारियानं तिला गच्चीवर हाकललं, आणि जरा विचार करून मलाही.

शेवटी मी माझ्या खात्याच्या पद्धतीनं गेलो. चौकटीचा कागद घेतला, भिंगातून घोंगडीचा एकेक धागा मोजला आणि कागदावर मांडला. हा धागा दोनांवरून जातो, दोनांखालून जातो, पुढच्या ओळीत एक घर सरकतो. मग सुई आणि रोझारियाच्या फणीचा तुटका दात घेऊन अर्धओल्या मातीवर एकेक टिंब दाबत बसलो. ओली असली तर माती सुईला चिकटते, वाळली तर टवका उडतो. मधे साधारण अर्धा तास ती माणसासारखी वागते. रोजच्या त्या अर्ध्या तासात दोन ओळी व्हायच्या. बत्तीस दिवस लागले. पण आठव्या दिवशी मी डोळे मिटून अंगठा फिरवला आणि मला ती घोंगडी लागली. लहानपणी तापात अंगावर असायची ती. मी तसाच बसून राहिलो आणि त्या दिवशीचा अर्धा तास फुकट गेला.

हे मोजताना एक गोष्ट पुन्हा नजरेला आली. घोंगडीत एके ठिकाणी वीतभर वीण चुकलेली होती. नागमोडी रेघ चालता चालता एकदम लंगडायची. दोन धागे सुटायचे, तिसराच पकडला जायचा, आणि वीतभरानं पुन्हा काहीच न झाल्यासारखी सरळ चालायची. ज्या बाईनं आयुष्यभर दुसऱ्यांच्या विणीतला एक धागा चुकला तरी तोंडसुख घेतलं, तिची ही गत. लहानपणी मी विचारलंही होतं. ती म्हणाली होती, "त्या दिवशी माग आजारी होता." मी मात्र मनात म्हणायचो, गावच्या जत्रेत जरा जास्त झाली असेल. तरी कागदावर जसं होतं तसं उतरवायचं ही माझी खात्यातली सवय. मीटरवर जो आकडा दिसतो तो लिहायचा, घरमालक काय म्हणतो ते नाही. मी ती चूकही मूर्तीत घेतली. मूर्तीत ती तांदळाच्या दाण्याएवढी झाली.

आता मंडळाची मंजुरी. आमचे अध्यक्ष काल्चिदोन. तीस वर्षं शाळातपासनीस होते, त्यामुळे आयुष्यात त्यांनी कुठलीही वस्तू सरळ पाहिलेली नाही, तपासलेलीच आहे. पहिला प्रश्न आला, बेथलेहेमात माग होता का? मी म्हणालो, तुमच्या देखाव्यात गोझोची टोपी घालून मशकीचं वाद्य वाजवणारा आहे, तो बेथलेहेमात होता का? ते म्हणाले, तो परंपरेतला आहे. मंजुरीच्या फॉर्मवर मेंढपाळ, पाववाला, कोळी, झोपलेला माणूस, सगळे रकाने होते, विणकरीण नव्हती. तासाभराच्या चर्चेनंतर मावशीची नोंद 'स्त्री, बसलेली, इतर' अशी झाली. मग त्यांनी मूर्ती उचलली, नाकाजवळ नेली आणि विचारलं की हिला मॅकरोनीचा वास का येतो. नोव्हेंबरातल्या दमट हवेत माती वाळेना म्हणून ती मी रविवारच्या मॅकरोनीशेजारी ओव्हनमध्ये ठेवली होती, हे मी कबूल केलं. एवढ्यावर सुटलो असं वाटलं, तोच त्यांच्या भिंगाखाली तो तांदळाचा दाणा आला.

"इथे हात चुकलाय तुमचा."

मी म्हणालो, माझा नाही, मावशीचा. मुळातच तसं आहे.

"मुळात चूक असेल तर ती आपण कशाला जपायची? लोक मंडळाला हसतील. आणि तुमच्या मावशीलाही हसतील." मग ते जरा मऊ आवाजात म्हणाले, "एवढी हुन्नरी बाई. तिची आठवण राहायची ती चुकीनंच राहावी का?"

खरं सांगतो, मला ते पटलं. इथेच माझं चुकलं. मला वाटलं, बरोबर आहे. साठ वर्षांपूर्वी तिच्या हातून एक चूक झाली, तिच्या पोरानं ती निस्तरली, याहून मोठा मान कोणता? मी नवी मूर्ती करतो म्हणून सांगितलं आणि मोठ्या अभिमानानं घरी आलो. रोझारिया म्हणाली, कशाला हात लावतोस, तिनं ठेवली ना तशी. मी म्हणालो, तुला कलेतलं काय कळतं. हे वाक्य मी अजून गिळतोय.

नाताळ तीन आठवड्यांवर. सुईनं बत्तीस दिवस लागायचे. तेव्हा चेत्तीनाचा भाऊ लेली आला. तो गिलावा करणारा माणूस, त्याला जगातल्या सगळ्या अडचणी प्लास्टरनं बुजतात असं वाटतं. त्यानं सांगितलं, घोंगडीचा चांगला भाग निवडू, त्याच्यावर पातळ प्लास्टर ओतू, साचा तयार. साच्यात माती दाबायची, एका तासात काम फत्ते. मी म्हणालो, प्लास्टर निघेल ना? तो म्हणाला, माझा धंदा आहे हा. प्लास्टर काही निघालं नाही. ते लोकरीच्या पोटात शिरलं आणि घोंगडी अंगणात दगडासारखी उभी राहिली. चेत्तीना म्हणाली, गरम पाण्यात भिजव. आम्ही मोठ्या पातेल्यात ती उकळली. प्लास्टर गेलं. पण बाहेर काढली तेव्हा घोंगडी दाराच्या पायपुसण्याएवढी उरली होती, जाड, घट्ट, आणि तिच्यात वीण म्हणून काही शिल्लक नव्हती. बोट फिरवलं तर नुसतं दाबलेल्या लोकरीच्या नमद्यासारखं लागायचं. लेली टोपी हातात घेऊन उभा राहिला आणि म्हणाला की दगडावर असं होत नाही.

मी घोंगडी गच्चीवर वाळत घातली आणि तिथेच कठड्यावर बसलो. रोझारिया वर आली, शेजारी बसली. तिला पहिल्यांदाच काही उपाय सुचला नाही.

पण माणसाची जिद्द वाईट असते. चौकटीचा कागद होता. मी चुकलेल्या ओळी खोडल्या, सरळ ओळी काढल्या आणि दिवसाचे तीन-तीन अर्धे तास करून, म्हणजे माती पुन्हा पुन्हा ओल्या फडक्यात गुंडाळून, अकरा दिवसांत दुसरी मूर्ती केली. नागमोडी रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारखी. काल्चिदोन यांनी भिंग लावलं आणि भिंग खाली ठेवून माझा हात हातात घेतला. त्यांचं मंजुरीपत्र दाखवल्यावर सरकारी हस्तकला शाळेनं मूर्ती त्यांच्या भट्टीत भाजून दिली. पहिलीला पत्र नव्हतं, म्हणून ती कच्चीच राहिली. रोझारियानं ती स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवली होती, नाताळासाठी कापसात उगवत ठेवलेल्या पांढऱ्या कोंबांच्या बशीशेजारी.

नाताळाच्या आधी चार दिवस म्हाताऱ्यांना देखावा दाखवला. मी इस्त्रीचा सदरा घालून विणकरणीजवळ उभा होतो. काल्चिदोन आले होते, टाळ्या वाजवायच्या तयारीत. सिस्टरांनी मावशीचा हात धरून आणला. तिची बोटं मेंढपाळावरून गेली, पाववाल्यावरून गेली, झोपलेल्या माणसापाशी जरा थांबली. मग तिचा अंगठा घोंगडीवर आला आणि तिथेच राहिला. अंगठा रेघेवरून पुढे गेला, मागे आला, पुन्हा पुढे गेला. ती काहीतरी शोधत होती. कपाळाला आठी पडली. शोधून शोधून अंगठा कडेपर्यंत गेला आणि खाली घसरला.

"छान आहे," ती परक्या माणसाशी बोलावं तशा आदबीनं म्हणाली. "कुणाचं आहे?"

सिस्टर म्हणाल्या, तुमचंच आहे, तुमच्या घोंगडीचं.

"नाही हो. माझं नाही हे." आणि मग हात झटकून निकाल दिला, "गिरणीचं असेल."

काल्चिदोन यांच्या टाळ्या हवेतच राहिल्या. मंडळानं त्या वर्षी मूर्तीला दुसरं बक्षीस दिलं. ते प्रमाणपत्र कुठे आहे मला माहीत नाही, आणि शोधायचंही नाही.

त्याच संध्याकाळी मी खिडकीतली कच्ची मूर्ती रुमालात गुंडाळली आणि कोटाच्या खिशात घातली. पाणीखात्यात असताना मी कधी खात्याची पेन्सिलही घरी आणली नाही. त्या माणसानं सिस्टर बेन्यामीनांच्या डोळ्यांदेखत चोरटा माल आत नेला, चेहरा असा करून की वाटेत दोन आज्यांनी विचारलं, पोट दुखतंय का. मावशी खिडकीपाशी खुर्चीत होती. मी म्हणालो, "मावशी, मी ज्वाकिन." ती म्हणाली, मीटर आत आहे. मी म्हणालो बरं, आणि मूर्ती तिच्या मांडीवर ठेवली.

अंगठा आला. रेघेवरून चालला. आणि तांदळाच्या दाण्यापाशी थांबला.

बराच वेळ ती नुसती तिथल्या तिथे अंगठा फिरवत राहिली. मग म्हणाली, "इथे मी एका पायानं विणलं."

मी विचारलं, का हो?

"बहिणीचं पोर आणलं होतं ना त्या दिवशी. तिला पुरून आले सगळे आणि पोर माझ्याकडे. रडत होतं सारखं. मग मागाखाली शिरलं आणि माझा हा पाय धरून बसलं. दोन्ही हातांनी." तिनं डावा पाय जरासा पुढे केला. "पायानं दाबायच्या पावड्या चार. पाय एकच. चुकणारच की. पण माग थांबवला तर ते आणखी रडायचं. खडखड ऐकली की गप्प व्हायचं. वीतभर विणलं, तेव्हा झोपलं."

"मग उसवलं का नाही नंतर?"

"उसवायचं कशाला?" तिनं मलाच विचारलं, एखाद्या वेड्याला विचारावं तसं.

मी तिच्या पायाशी, खुर्चीजवळ, फरशीवर बसलो. चौसष्ट वर्षांचा माणूस, पाणीखात्यातला माजी प्रमुख मीटरवाचक. तिचा डावा पाय माझ्या समोर होता, निळ्या चपलेत. मी म्हणालो, "मावशी, ते पोर मीच."

ती हसली, समजूतदारपणे. आश्रमात सगळे तिला काही ना काही सांगतच असतात.

"तुम्ही घरोघर फिरता ना, मीटरच्या कामानं," ती म्हणाली. "कुठे भेटलाच तर सांगा त्याला. पाय पार बधिर झाला होता. पण मी हलवला नाही."

मी म्हणालो, सांगतो.

तिचा अंगठा चालूच होता. भट्टीत न गेलेली माती ती. अंगठ्याखाली तिची पूड होत होती आणि मावशीच्या काळ्या घागऱ्यावर पांढुरकी सांडत होती. मी हात पुढे केला, थांबवावं म्हणून, आणि मागे घेतला. थोड्या वेळानं तिथे लंगडी रेघही राहिली नाही आणि सरळही राहिली नाही, नुसतं गुळगुळीत झालं. तेव्हा तिनं मूर्ती बाजूला ठेवली आणि तिला मी पुन्हा आठवलो.

"जा ना आत," ती म्हणाली. "बघून घ्या एकदा."

मी न्हाणीघरात गेलो. दार लावलं आणि भिंतीला टेकून उभा राहिलो. मीटर अर्थातच तिथे नव्हता. बाहेर यायला मला बराच वेळ लागला.

"गळती नाही ना कुठे?" तिनं विचारलं.

"नाही, बाई," मी म्हणालो. "सगळं कोरडं आहे."